डोलिकाच्या हातचं मीठ

“झाकण काढ गं. मला काय दिवसभर तुझ्याच चुलीशी उभं राहायचंय?”

डोलिकाने असं म्हटलं की समोरची बाई लगबगीने झाकण उचलायची आणि एक पाऊल मागे सरायची. मग डोलिका औषधाच्या जुन्या बरणीतून चिमूटभर मीठ काढून कालवणात सोडायची, पळीने दोनदा ढवळायची, पळीचं टोक तळहाताला लावून चाटायची आणि पुढच्या चुलीकडे वळायची. त्या सोमवारी शेडमध्ये सतरा चुली पेटल्या होत्या.

कासुंते मिशनच्या दवाखान्यामागची ही शेड. दवाखाना खाट द्यायचा, औषध द्यायचा. जेवण ज्याचं त्याने करायचं. त्यामुळे प्रत्येक आजाऱ्याबरोबर घरची एक बाई यायची, शेडमध्ये राहायची आणि तीन दगडांच्या चुलीवर रांधायची. आता जिची पाळी चालू आहे, जिचा नवरा परगावी आहे, जी नुकती बाळंत झाली आहे, थोडक्यात जिच्या अंगात अजून विस्तव आहे, तिने कालवणात मीठ घालायचं नसतं. घातलं तर ते खाणाऱ्याच्या छातीत बसतं, आणि खाणारा आधीच आजारी असेल तर मग बोलायलाच नको. घरी हे काम एखादी लहान मुलगी करते. पण दवाखान्याच्या फाटकावर पाटी होती की आजाऱ्याखेरीज बारा वर्षांखालच्या मुलांना आत सोडणार नाही. तेव्हा उरली डोलिका. सत्तरी ओलांडलेली, अंगातला विस्तव कधीच विझलेला, नवऱ्याला जाऊन सव्वीस वर्षं झालेली.

तो याच दवाखान्यात सात महिने पडून होता. तो गेल्यावर ती त्याला गावी नेऊन पुरून आली, आणि आठवड्याच्या आत शेडमधल्या बायकांनी निरोप धाडला की आजी, आमची कालवणं अळणी राहिलीत. ती आली ती आलीच. शेड झाडायची, सरपणावरून लागलेली भांडणं तोडायची, नव्या आलेल्या रडक्या सुनांना दटावून जेवायला बसवायची. मिशनमध्ये परदेशातून स्वयंसेवक यायचे, कुणी तीन महिने, कुणी सहा. त्यांची नावं व्हरांड्यातल्या फळ्यावर रंगवली जायची. डोलिकाला कुणी स्वयंसेवक म्हटलं नव्हतं आणि तिलाही तसं काही म्हणवून घ्यायचं सुचलं नव्हतं. तिला पगार नव्हता, आणि कुणी सुट्टी दिली असती तर ती घेऊन काय करायचं हेही तिला कळलं नसतं.

तिचा मान होता तो गुरुवारचा. गुरुवारी दुपारी दोन वाजता चर्चच्या महिला संघाची सभा भरे, आणि डोलिका पांढरं पोलकं, काळा घागरा, डोक्याला पांढरा रुमाल अशी पहिल्या बाकावर बसे. संघातली बाई मेली की तिला त्याच पोलक्यात पुरतात, आणि सगळा संघ शवपेटीपुढे गात चालतो. डोलिकाच्या दोन्ही मुली तिच्याआधी गेल्या होत्या. तिच्या पेटीपुढे गाणारं म्हणून जगात जे कुणी उरलं होतं, तो हा संघ. म्हातारपणी माणूस कशाकशाचा हिशेब मनात करतो. डोलिकाने एवढाच केला होता, आणि तो जमलेला होता.

“आजी, जरा थांबा.”

अकराव्या चुलीपाशी तिला हाक आली. दारात पाद्री म्सोसा उभे होते. तिशीचा तरुण माणूस, सहा महिन्यांपूर्वी बदलून आलेला, इस्त्रीची घडी न मोडणारा. त्यांच्यामागे संघाची अध्यक्षा एस्नाट, पिठाच्या गिरणीवाल्याची बायको.

“काल पंचमंडळींनी ठरवलंय,” पाद्री म्हणाले. “ही शेड मिशनची आहे. इथं असल्या समजुती चालणार नाहीत. जिला मीठ हवं तिनं ते आपल्या हातानं घालावं.”

“आणि नाही घातलं तर?”

“अळणी खावं. दोन दिवस खातील, तिसऱ्या दिवशी आपोआप घालतील.”

“आणि मी घातलं तर?”

पाद्रींनी एस्नाटकडे पाहिलं. एस्नाटने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. तिची धाकटी टायफॉइडने इथे पडली होती तेव्हा तिच्याही भांड्याचं झाकण डोलिकासाठी उघडलं होतं, आणि ते दोघींच्याही लक्षात होतं.

“तर पोलकं परत द्यावं लागेल, आजी,” एस्नाट म्हणाली.

बायकांच्या पळ्या थांबल्या. पाद्रींचा आवाज जरा खाली आला. “माझ्या बहिणीचं मूल हिवतापानं गेलं. सासरचे म्हणाले, तूच मीठ घातलंस. कालवणाचं भांडं तिच्या डोक्यावर पालथं केलं आणि हाकलून दिली. ती आज कुठं आहे, मला ठाऊक नाही. तुम्ही चांगल्या मनानं करता, आजी. पण ज्या झाडाला तुम्ही पाणी घालता, त्याची फळं अशी आहेत.”

पोरगा खोटं बोलत नव्हता. तिने बरणीचं झाकण लावलं आणि ती शेडबाहेर जाऊन बसली. उरलेल्या सहा चुलींवरची कालवणं त्या दिवशी अळणी राहिली.

त्या सहांमध्ये एक भांडं झिओनेचं होतं. झिओने वीस-बावीस वर्षांची, घाबरट. नवरा चौदा महिन्यांपूर्वी दक्षिणेला खाणीत कामाला गेलेला. तीन वर्षांचा योसेफे हिवतापाने इतका खंगला होता की त्याला दोनदा रक्त चढवावं लागलं. आता ताप उतरला होता, इंजेक्शनं चालू होती, आणि तडाला नावाची नर्स रोज एकच सांगायची: आता ह्याला खाऊ घाल. पण योसेफे अळणी घास तोंडात घ्यायचा आणि हनुवटीवरून खाली सोडून द्यायचा.

मंगळवारी दुपारी हे इझोबेलने पाहिलं. इझोबेल स्कॉटलंडची. तिथल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात तिने बत्तीस वर्षं पोरांना जेवू घातलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर तीन महिन्यांसाठी ती मिशनमध्ये आली होती. चौसष्ट वर्षांची, गोल गरगरीत, नाकाची कातडी उन्हाने कायम सोललेली. ती शेडमध्ये बायकांबरोबर भांडी घासायची, सरपण वाहायची, पाठीवर पोर बांधायला शिकायची आणि पोर घसरलं की सगळ्यांच्या आधी स्वतः हसायची. बायकांना ती आवडायची. तिला सगळं दाखवून झालं होतं. मिठाचं तेवढं कुणी सांगितलं नव्हतं, कारण जे सगळ्यांना ठाऊक असतं ते सांगायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

झिओने पंपावर पाण्याला गेली होती. इझोबेलने तिच्या भोपळ्याच्या पाल्याची चव घेतली, तोंड वाकडं केलं, पाहुण्यांच्या घरातून मीठ आणलं आणि शाळेच्या अंदाजाने, म्हणजे भरपूर, घातलं. योसेफेने चार घास खाल्ले. झिओने परतली तेव्हा पोरगा पाचव्या घासासाठी आ करून बसला होता. तिचा चेहरा उजळला. मग तिने पळी चाटली.

ती ओरडली नाही. तिने बोट घालून पोराच्या तोंडातला घास काढला, भांडं उचलून राखेत पालथं केलं आणि त्याच्याशेजारी बसून राहिली. इझोबेल हातात चमचा धरून उभी होती आणि आपण काय केलं हे ती एकेकीच्या तोंडाकडे पाहून शोधत होती.

संध्याकाळी योसेफेला पुन्हा ताप भरला.

“असा ताप उलटतो कधीकधी,” तडाला समजावत होती. “अजून तीन दिवस इंजेक्शनं बाकी आहेत ना? ती झाली की जाईल.” झिओने मान डोलावत होती, पण तिची नजर पोराच्या छातीवर होती.

मिठाचं सगळं तडालाकडून कळल्यावर बुधवारी इझोबेल तिला ओढतच शेडमागे घेऊन आली. डोलिका तिथे ओंडक्यावर बसून शेंगा सोलत होती, आणि तिच्याभोवती पाच-सहा बायका. त्यांत लेनिया पुढे. लेनियाच्या नवऱ्याचा पाय बैलगाडीखाली मोडला होता आणि तो बरा होईस्तोवर तिची जीभ रिकामी होती.

“आजी, ही विचारते,” तडाला म्हणाली, “की मी म्हातारी आहे, विधवा आहे, मग मी घातलेलं चालेल का? मला पाद्रीबाबा काही करू शकत नाहीत, म्हणते.”

डोलिकाने शेंग खाली ठेवली. हे तिला सुचलं नव्हतं. मुद्दा बिनतोड होता. गोऱ्या पाहुणीला कोण पंचांपुढे उभं करणार? डोलिकाचं पोलकं राहिलं असतं आणि झिओनेचं पोरही.

“तिला विचार, नवरा कधी गेला?”

“अकरा वर्षं झाली.”

“बरं. आणि त्यानंतर?”

तडाला घुटमळली. “त्यानंतर काय, आजी?”

“तुला कळतंय काय ते. विचार.”

“आजी, असं कसं विचारू? त्यांच्यात विचारत नाहीत.”

“त्यांच्यात मीठही विचारून घालत नाहीत,” लेनिया म्हणाली. “तरी निस्तरायला आम्हीच ना? विचारा, सिस्टर.”

तडालाने जमिनीकडे पाहत कसंबसं विचारलं. इझोबेल आधी समजली नाही. समजली तेव्हा तिचं सोललेलं नाक कानांपर्यंत लाल झालं. पण ती प्रामाणिक बाई. तिने एक बोट वर केलं.

“एक जण आहे म्हणते,” तडाला पुटपुटली. “दर रविवारी जेवायला येतो.”

“जेवून जातो?”

“सोमवारी जातो.”

बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. इझोबेलही हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. डोलिकाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. “हसू नका. आता तो समुद्रापल्याड आहे आणि ही इथं आहे. दोन महिने झाले. दोन महिन्यांत माणूस निवतं की नाही?”

“ही निवली असेल,” लेनिया म्हणाली. “पण तो? रविवार तर तिकडेही येतात. हा दुसरीकडे जेवला तर हिच्या हातचं मीठ इथं पोराला बाधायचं.”

“तडाला, विचार तिला. त्याची खात्री देते का?”

इझोबेलने विचार केला. तिने खरोखरच बराच विचार केला. मग तिने खांदे उडवले आणि काहीतरी म्हणाली.

“म्हणते, त्याची खात्री त्याच्या आईनंही दिली नसती.”

पुन्हा हशा झाला. डोलिका या वेळी हसली नाही. मागे दारात झिओने उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. ती वळून आत गेली.

गुरुवारी दुपारी डोलिका पोलकं, घागरा, रुमाल घालून सभेला निघाली तेव्हा झिओने गाठोडं बांधत होती. सकाळपासून योसेफेच्या पोटात दोन घोट पाण्याखेरीज काही नव्हतं. तडाला तिच्यापुढे उभी राहून बोलत होती आणि झिओने ऐकताऐकता गाठ मारत होती.

“घरी माझ्या भावाची मुलगी आहे,” झिओने म्हणाली. “सात वर्षांची. ती घालेल मीठ. घरी खाईल तो.”

“आणि इंजेक्शन कोण देईल? तुझी भाची?”

“भाड्याच्या सायकलवाल्याला सांगितलंय मी.”

“झिओने, गाव तुझं पस्तीस मैलांवर आहे.”

डोलिका क्षणभर उभी राहिली. योसेफे चटईवर पडून तिच्याकडे पाहत होता. त्याचे डोळे फार मोठे दिसत होते, आणि अशा मोठ्या डोळ्यांची पोरं तिने सव्वीस वर्षांत बरीच पाहिली होती. चर्चची घंटा झाली.

ती चर्चकडे गेली, पण आत गेली नाही. मागच्या बाजूला, जिथे बाया पोरांना पाजायला बसतात, तिथल्या आडोशाला तिने रुमाल सोडला, पोलकं उतरवलं. कमरेच्या फडक्यात बांधून आणलेला, बाजारातल्या जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यातला सदरा घागऱ्यावर चढवला. पोलक्याची घडी तिने नीट घातली. बाह्या आत, गळा वर. मग ती पुढच्या दाराशी आली. पायऱ्यांवर पाद्री आणि एस्नाट उभे होते.

“हे घे, बाई,” ती एस्नाटला म्हणाली. “कालच धुतलंय.”

एस्नाटने हात पुढे केले नाहीत. “आजी, आत चला. तुमची जागा ठेवलीय.”

“घे म्हणते ना. हातात धरून दमले.”

एस्नाटने घडी घेतली आणि पोटाशी धरली. पाद्री एक पायरी उतरले. “तुम्ही हे खरंच मानता, आजी? मीठ माणूस मारतं म्हणून?”

“मला ठाऊक नाही, बाबा. मिठानं मेलेलं पोर मी पाहिलेलं नाही. पण आई भ्यायली, अर्ध्या औषधातून पोर घरी घेऊन निघाली आणि ते वाटेत गेलं, असं मी चारदा पाहिलंय.”

“ती भीती तुम्हीच जिवंत ठेवता.”

“ठेवत असेन. तुमच्या बहिणीचं ऐकल्यापासून मला नीट झोप नाही. तुम्ही शिकवा ना त्यांना, रोज येऊन बसा शेडमध्ये. तुम्ही तरुण आहात, तुमच्याकडे दिवस आहेत. त्या पोराकडे नाहीत.”

पाद्रींचा चेहरा पाहून डोलिकालाच वाईट वाटलं. “जा आत,” ती म्हणाली, “बायका खोळंबल्यात.”

ती शेडमध्ये आली तेव्हा झिओने पोराला पाठीवर घेत होती.

“उतरव त्याला. कालवण कुठाय?”

“केलं नाही, आजी.”

“मग कर. सायकलवाल्याला मी सांगते.”

झिओनेने तिच्या अंगातल्या सदऱ्याकडे पाहिलं आणि ती खाली बसली. लेनियाने आपल्या चुलीतली दोन जळती लाकडं तिच्याकडे सरकवली. इझोबेलने पाला धुऊन दिला, पण भांड्यापासून हातभर लांब राहून. पाला शिजला, शेंगदाण्याचं कूट पडलं, आणि झिओने मागे सरली. डोलिकाने चिमूट सोडली, ढवळलं, चाखलं, अजून अर्धी चिमूट सोडली. ताटलीत न्सिमाचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा, गोळा होता. त्यातला एक घास मोडून झिओनेने कालवणात बुडवला आणि योसेफेच्या तोंडाशी नेला. तो चघळू लागला. बायका त्याच्या हनुवटीकडे पाहत होत्या. त्याने गिळलं आणि तोंड उघडलं.

झिओने रडायला लागली. “रडतेस काय, भरव,” डोलिका म्हणाली.

त्यानंतर ती बाकीच्या चुलींकडे वळली. तीन दिवस अळणी खाल्लेल्या बायकांनी झाकणं आधीच काढून ठेवली होती. लेनियाच्या भांड्यापाशी ती पोचली तेव्हा लेनियाने विचारलं, “पोलकं दिलंत?”

“दिलं.”

“आणि मग तुमच्या वेळेला? पेटीपुढे कोण गाणार?”

“नाही गायलं कुणी तर नाही. मला थोडंच ऐकू येणारे?” डोलिका म्हणाली. पण चिमूट भांड्यावर तशीच राहिली, आणि मीठ पडायला जरा वेळ लागला.

“आम्ही गाऊ.”

“तुम्ही? तुम्हाला संघाचं एक तरी गाणं येतं का?”

“नाही येत. कांडणाची येतात.”

“कांडणाची? मी काय मका आहे?”

कुणी हसलं नाही. डोलिकाने बरणी बंद केली. “आणि तुम्ही असणार कुठं? तुझ्या नवऱ्याचा पाय पुढच्या आठवड्यात सुटेल. ही शनिवारी जाईल. मी मरेन तेव्हा या शेडमध्ये तुमच्यातली एकही नसेल.”

ते खरं होतं. आजाऱ्यामागे आलेली बाई या शेडमध्ये कायमची राहत नाही. बरं झालं तरी जातात, नाही झालं तरी जातात. लेनियाने जराशानं मान वर केली. “दुसऱ्या असतील ना? मी जाताना येणारीला शिकवून जाईन. ती तिच्या मागचीला शिकवेल. मीठ घेतात, तर गाणं शिकायला काय जातं?”

तिने उखळातलं मुसळ उचललं आणि एक ठोका दिला. गाणं साधंच होतं, दोन ओळींचं. सासूला सांगणारं की पीठ होईल, घाई करू नको, सूर्य अजून वर आहे. दोघी-तिघींनी पुढची ओळ उचलली. झिओने पोराच्या तोंडात घास देता देता हळूच त्यांत मिसळली. इझोबेलला शब्द येत नव्हते, ती नुसतीच गुणगुणली, तीही चुकीच्या ठिकाणी. चर्चकडून संघाचे चार सुरांत बांधलेले आवाज येत होते. त्यांच्यापुढे हे गाणं ओबडधोबड होतं, आणि मध्येच कुणाला तरी ठसका लागून ते मोडलं.

“शी,” डोलिका म्हणाली. “असं गाणार माझ्या मयताला? लेनिया, तू वर धर. झिओने, तोंड उघड नीट. पहिल्यापासून घ्या.”

मुसळ पुन्हा उखळात पडलं. डोलिका दाराजवळच्या ओंडक्यावर बसली, हात मांडीत घेतले, आणि तिने आपलं गाणं शेवटपर्यंत ऐकलं.